उकंड्या फिनले

वसंतराव फिनले रेल्वेच्या हिशेब कार्यालयातून निवृत्त झाले, त्याच वर्षी, १९७८ साली, नागपुरातल्या त्यांच्या चर्चने शताब्दीची स्मरणिका काढायचं ठरवलं. जुन्या घराण्यांनी आपापली हकीगत लिहून द्यावी, असं मंडळीसमोर सांगण्यात आलं. सगळ्यात आधी लेख आला तो वसंतरावांचा. त्यांच्याकडे सांगण्यासारखं होतंच. त्यांचे आजोबा स्कॉटलंडहून आलेले इंजिनिअर. रेल्वेचे पूल बांधायला या मुलखात आले, इथल्याच एका मुलीशी लग्न केलं, आणि कॉलऱ्यात नवरा-बायको दोघंही गेल्यावर त्यांच्या लहानग्या मुलाला, म्हणजे वसंतरावांच्या वडिलांना, मिशनने वाढवलं. ही हकीगत वसंतरावांनी ऑफिसात, लग्नकार्यात, गाडीत भेटलेल्या परक्या माणसालासुद्धा सांगितली होती. त्यांचे डोळे घारे होते. सांगताना ते चष्मा काढत.

स्मरणिकेचं काम रुपराव बोरकरांकडे होतं. रुपराव शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. चार वर्षांपूर्वी त्यांनी आपल्या मुलासाठी, प्रभुदाससाठी, वसंतरावांच्या मुलीला मागणी घातली होती. प्रभुदास खापरखेड्याच्या वीजकेंद्रात नोकरीला होता, चारुशीला मुलींच्या शाळेत शिकवायची. दोघं चर्चच्या गायनमंडळात होते आणि त्यांचं आपसात ठरलेलं होतं. वसंतरावांनी नकार दिला. नुसता नकार दिला असता तरी एक वेळ चाललं असतं. पण ते म्हणाले होते, "बोरकर, तुमचे लोक दुष्काळात भाकरीसाठी ख्रिस्ती झाले. आमचं घराणं तसं नाही. जरा विचार करून यायचं होतं."

रुपराव तसेच उठून गेले होते. पुढच्या वर्षी प्रभुदासचं लग्न दुसरीकडे झालं. चारुशीलाने त्यानंतर एकही स्थळ पाहिलं नाही.

आता तेच रुपराव, रविवारची उपासना संपल्यावर, वसंतरावांचा लेख हातात घेऊन त्यांच्याजवळ आले.

"फिनलेसाहेब, लेख चांगला आहे. फक्त आजोबांचा भाग तेवढा गाळा. वडिलांबद्दलच लिहा. त्यांची पेटी, त्यांनी बसवलेली गाणी. लोकायले ते आठवते."

"आजोबांचं काय खटकलं तुम्हाला?"

"खटकलं नाही. एकदा छापलं की कायम राहते, म्हणून म्हटलं."

वसंतरावांना वाटलं, हा माणूस चार वर्षांपूर्वीचा वचपा काढतोय. घरी जाऊन त्यांना जेवण गेलं नाही. आई-वडिलांचं लग्न याच चर्चमध्ये लागलं होतं. तिथल्या लग्नांच्या नोंदवहीत नवऱ्या मुलाच्या बापाचं नाव असणारच. त्याची नक्कल आणून बोरकरांसमोर ठेवायची, असं त्यांनी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी पाळकांनी कपाटातून जुनी वही काढून दिली. पाळक तरुण होते, नुकतेच बदलून आलेले. कुठल्याशा मिशनरीचं तिरकं, बारीक इंग्रजी अक्षर होतं. १९१५ सालच्या पानावर वसंतरावांना वडील सापडले. जॉर्ज फिनले, वय अंदाजे एकवीस. बापाचं नाव: माहीत नाही.

लिहिणाऱ्याची चूक असेल, असं वाटून त्यांनी वरची नोंद पाहिली. पीटर डंडी. बापाचं नाव: माहीत नाही. खालची पाहिली. त्यातली नवरी एडना पर्थ, तिच्याही बापाचं नाव नाही. मग त्यांच्या आईचं नाव, ग्रेस पेस्ली. आईचं माहेर पेस्ली घराण्यातलं, असं ते लोकांना सांगत. डंडी, पर्थ, पेस्ली. ही माणसांची आडनावं नव्हतीच. शाळेच्या नकाशात पाहिलेली स्कॉटलंडमधली गावं होती. ती अशी एकाखाली एक त्यांनी कधी वाचली नव्हती.

वडिलांच्या नावापुढे शेरा होता: दुष्काळातील अनाथ. सावनेरच्या रस्त्यावर सापडला. मूळ नाव उकंड्या.

"मिळालं का?" पाळकांनी विचारलं.

"तारीख मिळाली," वसंतराव म्हणाले आणि वही मिटून उठले.

त्यांची थोरली बहीण यमुताई सावनेरला मुलाकडे राहायची. वसंतराव दुपारच्या एसटीने तिच्याकडे गेले. ती ओसरीवर गहू निवडत बसली होती. त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नाही.

"ताई, उकंड्या कोण?"

यमुताईचा हात सुपात थांबला. "कुठं वाचलं?"

"लग्नाच्या वहीत."

"आपले बाबा," ती म्हणाली. "मोठ्या दुष्काळात रस्त्यावर सापडले. पाच-सहा वर्षांचे असतीन. मायबाप कोण, गाव कोणतं, काही सांगता येत नव्हतं. तिकडं स्कॉटलंडात फिनले नावाची कोणी बाई होती, ती त्यायच्या खर्चापाण्याचं पाहे, म्हणून ते आडनाव लावलं. आईचं बी तसंच. तिकडल्या ज्या गावच्या लोकायनं तिले पोसलं त्या गावाचं नाव."

"मग ते इंजिनिअर? पूल?"

यमुताईने सूप बाजूला सारलं. "तू दुसरीत होता. पोरायनं तुले चिडवलं, तुझा बाप कोन्या साहेबाचा हाय म्हणून फिनले. तू रडत घरी आला. काही केल्या जेवे ना. तवा बाबानं तुले मांडीवर घेतलं अन् इंजिनिअरची गोष्ट सांगितली. नदी, पूल, घोडा, सगळं. तू हसला अन् जेवला. मले वाटलं, मोठा झाला की समजन तुले."

"तू तरी सांगायचं होतंस."

"तू लोकायले सांगून राहिला होता वसंत. तुले कोन्या तोंडानं सांगू? बाबा बी शेवटी शेवटी म्हणत, आता पोराले सांगता येत नाही."

वसंतराव सुपाकडे पाहत बसले. मग त्यांनी विचारलं, "पण असलं नाव? उकंड्या?"

"आधीची लेकरं जगली नाहीत की मागून झालेलं लेकरू उकिरड्यावर लोळवून घरात आणत गा. असं नाव ठेवलं की मरण त्याच्याकडं पाहत नाही म्हणत. बाबांच्या आईचे आधीचे गेले असतीन. तिले हा जगवायचा होता."

परतीच्या एसटीत वसंतरावांना एकेक चेहरा आठवू लागला. चर्चमधले म्हातारे. त्यांनी ही गोष्ट सुरू केली की ते माना खाली घालून ऐकत, मध्येच कोणी विषय बदले, कोणी वसंतरावांच्या वडिलांच्या पेटीची आठवण काढे. ते सगळे त्यांच्या वडिलांना लहानपणापासून ओळखत होते. आपल्या घराण्याचा दबदबा वाटतो म्हणून लोक गप्प बसतात, अशी वसंतरावांची समजूत होती. शेजारच्या माणसाने वेळ विचारली तर त्यांना घड्याळाकडे पाहायचंही सुचलं नाही.

बसस्टँडवरून ते घरी न जाता सरळ रुपरावांकडे गेले. रुपराव अंगणात खुर्ची टाकून छपाईची मुद्रितं तपासत होते. त्यांनी दुसरी खुर्ची मागवली. वसंतराव बसले नाहीत.

"तुम्हाला माहीत होतं," ते म्हणाले.

रुपरावांनी कागद बाजूला ठेवले. "माझी आई मिशनच्या अनाथाश्रमात सयपाक करे. दुष्काळातल्या लेकरायले एकदम जेवू घातलं तं मरत, म्हणून ती चमच्या-चमच्यानं पेज पाजे. तुमच्या वडिलांनाही तिनंच पाजली. मरेपर्यंत ती त्यांना उकंड्याच म्हणे, अन् ते हसत."

"मग त्या दिवशी, मी माझ्या घरात तुम्हाला ते बोललो, तेव्हा का नाही सांगितलं?"

"तुमची मुलगी दारात उभी होती. तिच्यासमोर बापाले खाली पाहायले लावणं मले जमलं नाही."

"तरी बोलायला हवं होतं तुम्ही."

"बोललो असतो तं तुम्ही पोरगी दिली असती काय?"

वसंतरावांनी रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर हात टेकला.

"अन् तशी दिलेली मले नको होती," रुपराव म्हणाले. "राग आला होता, फिनलेसाहेब. खोटं काहून बोलू? अजून येते कधी कधी. पण तुमच्या वडिलांचं नाव त्याच्यात ओढायचं नव्हतं मले."

रुपरावांच्या बायकोने पाणी आणून दिलं. वसंतराव ते उभ्यानेच प्याले आणि भांडं कुठे ठेवावं ते न कळून हातातच धरून राहिले. शेवटी तिनेच ते परत घेतलं. माफी मागायची म्हणून ते आले होते. फाटकापर्यंत गेले तरी तो शब्द काही त्यांच्या तोंडून निघाला नाही.

घरी चारुशीला परीक्षेचे पेपर तपासत होती. वसंतराव तिच्यासमोर बसले आणि त्यांनी सगळं सांगितलं. वहीतलं, यमुताईचं, रुपरावांचं. ती लाल पेन्सिल हातात धरून ऐकत होती.

"मला माहीत आहे, पप्पा," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"बोरकरकाका परत गेले त्याच आठवड्यात प्रभुदासने सांगितलं. त्याच्या बाबांनी त्याला बोलू नको म्हटलं होतं. तो म्हणाला, तू तरी सांग तुझ्या पप्पांना. मी नाही सांगितलं."

"का?"

तिने पेन्सिल खाली ठेवली. "तुम्ही चष्मा काढून ती गोष्ट सांगता ना, तेव्हा तुम्ही फार खूश दिसता. ते मला मोडवलं नाही. मला वाटलं, तुम्ही आपल्या मनानेच विचार बदलाल. मी वाट पाहिली."

वसंतरावांना तिच्याकडे पाहवेना. ते म्हणाले, "मी प्रभुदासकडे जातो. त्याची माफी मागतो."

"नका जाऊ. त्याचा संसार आहे आता. तुमचं मन हलकं व्हावं म्हणून त्याच्या बायकोसमोर हे कशाला काढायचं?"

हे ती रागाने बोलली नव्हती. ती रागावली असती तर वसंतरावांना काहीतरी म्हणता आलं असतं. तिने पुढचा पेपर ओढून घेतला.

वसंतरावांनी लेख पुन्हा लिहिला. माझ्या वडिलांचं नाव उकंड्या, ते दुष्काळात सावनेरच्या रस्त्यावर सापडले, असा तो सुरू होत होता. इंजिनिअरची गोष्ट खरी समजून आपण ती आयुष्यभर सांगितली आणि तिच्या जोरावर एका भल्या माणसाचा अपमान केला, हेही त्यांनी लिहिलं. रुपरावांनी अपमानाचं वाक्य काढू का म्हणून निरोप पाठवला. वसंतरावांनी नको म्हणून कळवलं.

शताब्दीच्या दिवशी उपासनेनंतर चर्चच्या आवारात पंगती बसल्या. लोक येऊन वसंतरावांना चांगलं लिहिलं म्हणत होते. पीटर डंडींच्या म्हाताऱ्या सुनेने तर त्यांचा हात हातात घेतला. प्रत्येकजण प्रेमाने बोलत होता, आणि वसंतरावांना ते सोसवत नव्हतं. कोणीतरी चार शब्द सुनावावेत, असं त्यांना वाटत होतं.

प्रभुदास बायकोला आणि लहान मुलीला घेऊन आला होता. तो आपणहून जवळ आला.

"सलाम काका. लेख वाचला. बाबांनी घरात सगळ्यांना वाचून दाखवला."

वसंतरावांना पुष्कळ बोलायचं होतं. तोंडातून एवढंच निघालं, "जेवलात का?"

"आता बसतो," प्रभुदास म्हणाला, आणि ते तिघं पंगतीत जाऊन बसले.

त्या पंगतीत चारुशीला वरण वाढत होती. वसंतराव दूर भिंतीशी उभे राहून पाहत होते. ती एकेका पानापुढे वाकत प्रभुदासपर्यंत आली, त्याला वाढलं, त्याच्या बायकोला वाढलं. मुलीला मात्र तिने विचारून थोडंसंच वाढलं आणि भात कालवून दिला. मग बादली उचलून ती पुढच्या पानाकडे गेली. वसंतरावांनी मान खाली घातली, ती पंगत उठेपर्यंत वर केली नाही.