सायकलीमागची वरात

प्रणिताने इटलीची सुट्टी एकटीसाठी ठरवली होती, आणि एप्रिल उजाडेपर्यंत त्या सुट्टीत आठ माणसं, दोन कुकर आणि नऊ सीटांची एक गाडी येऊन बसली होती. हे कसं झालं ते तिला स्वतःलाही नीट सांगता आलं नसतं. घरात पाणी शिरल्यावर पहिला थेंब कुठल्या फटीतून आला ते कोणाला कळतं?

जानेवारीत सगळं सरळ होतं. फेरारा नावाचं एक सपाट गाव. सकाळी तीन तास इटालियनचा वर्ग, वर्गात फक्त आठ विद्यार्थी. दुपारी शाळेचीच सायकल घ्यायची आणि नदीकाठाने वाट नेईल तिकडे जायचं. मे महिन्यातला एक आठवडा. प्रणिता रॉटरडॅममधल्या एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला होती. तिथे एक इटालियन आजी यायच्या आणि नंबर येईपर्यंत फोनवर बहिणीशी बोलत बसायच्या. काय बोलतात ते कळायचं नाही, पण प्रणिताची टायपिंगची बोटं आपोआप मंदावायची. इंग्रजी ती शिकली नोकरीसाठी. डच शिकली सरकारी परीक्षेसाठी, तीसुद्धा लेक समता तापाने फणफणली असताना तिच्या उशाशी बसून क्रियापदं घोकत. नुसती कानाला गोड लागली म्हणून एखादी भाषा शिकावी, एवढी चैन तिने चाळीस वर्षांत केली नव्हती.

सायकलचंही तसंच. लग्न होऊन रॉटरडॅमशेजारच्या कापेल आन डेन आयसेलला आली तेव्हा तिला सायकल येत नव्हती. सुपरमार्केटमागच्या पार्किंगमध्ये नवरा, अश्वजित, सीट धरून मागे धावायचा. दोन आठवडे धावला, पण त्याने सीट सोडली नाही. "पडशील गं," म्हणायचा. शेवटी तो ऑफिसच्या कामाला जर्मनीला गेला, त्या चार दिवसांत ती तीनदा पडली आणि शिकली. तो परत आला आणि शेजाऱ्यांना सांगत सुटला, "मी शिकवली!" नवरा वाईट नव्हताच, तीच तर अडचण होती. वाईट असता तर भांडता आलं असतं.

तर जानेवारीत एकदा जेवताना तिने सांगितलं, "मी मेमध्ये इटलीला सुट्टीला जातेय. भाषा शिकायची, सायकल चालवायची."

"भारी!" अश्वजित म्हणाला. "जाऊ या की!"

त्या "जाऊ या"मध्ये आपण एकट्या उरलो नाही, हे तिला तेव्हाच कळायला हवं होतं. पण तोंडात घास होता, आणि समोर त्याचा चेहरा इतका खुलला होता की ती "बघू" एवढंच म्हणाली. माणूस कधीकधी सौजन्याने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतो.

मग अश्वजितने बाडहूव्हडॉर्पच्या मित्राला, रवींद्रला, सांगितलं. रवींद्र विमानतळावर मालवाहतुकीच्या ऑफिसात होता, त्यामुळे जगातल्या कुठल्याही प्रवासावर शेवटचा शब्द आपला, असं तो मानायचा. त्याची बायको चित्रा आणि दोन मुलं आपोआप आली. डेल्फ्टला पीएचडी करणारा अजित "तुमची हरकत नसेल तर" म्हणत आला, आणि अशा वाक्याला आपल्यात हरकत कोण घेतं? नागपूरहून तीन महिन्यांसाठी आलेल्या सासूबाई, गयाबाई, यांना घरी एकटं कसं ठेवायचं, म्हणून त्याही आल्या. व्हॉट्सॲपवर "मिशन इटली" नावाचा ग्रुप निघाला. रवींद्रचा गुडघा दुखतो म्हणून सायकलींच्या जागी गाडी आली. एवढं जातोच आहोत तर व्हेनिस, पिसा, फ्लॉरेन्स राहायला नको, म्हणून तेही आलं. तिथलं जेवण मुलं खात नाहीत म्हणून तांदूळ आले. प्रणिताच्या नावापुढे "दोन दिवसांच्या पोळ्या" असं लिहून आलं.

आणि एप्रिलमधल्या एका शुक्रवारी शाळेचं पत्र आलं. अश्वजितने तिच्या वतीने, तिला सुखद धक्का द्यायचा म्हणून, परस्पर शाळेला विचारलं होतं की पाच दिवसांचा वर्ग दोन दिवसांत बसवता येईल का, कारण कुटुंबाचा कार्यक्रम भरगच्च आहे. शाळेने नम्रपणे कळवलं होतं की तसं होत नाही. पाचही दिवस येणार असलात तर जागा तुमची, नाहीतर यादीत पुढची व्यक्ती थांबली आहे. रविवारी संध्याकाळी सहापर्यंत कळवावे.

"तू शाळेला लिहिलंस? मला न विचारता?"

"अगं, सरप्राइज होतं ते! मला वाटलं अ‍ॅडजस्ट करतील." अश्वजितला खरंच वाईट वाटलं होतं. "सोडून दे ना. इटालियनचं मस्त ॲप आहे, मी डाउनलोड करून देतो. गाडीत बसून शिक. आणि तसाही त्याचा युज काय आपल्याला?"

प्रणिता यावर बोलली असती तर भांडी फुटली असती, आणि रविवारी चार वाजता त्याच भांड्यांत पोहे करायचे होते. मिशन इटलीची बैठक तिच्याच घरी होती.

रविवारी दिवाणखान्यात टीव्हीवर एक्सेलचा तक्ता लागला. रवींद्र उभा राहून समजावत होता. सकाळी साडेसहाला निघायचं, आठला नाश्ता, साडेआठला फोटो. चित्रा मसाल्यांची यादी करत होती. तक्त्याच्या तळाशी राखाडी अक्षरांत एक ओळ होती: "इटालियन क्लास, ऑप्शनल, फक्त प्रणिता."

"वहिनी, ती ओळ काढू ना?" रवींद्रने स्वयंपाकघराकडे मान वळवून विचारलं. "त्या दिवशी पिसा बसतंय. मनोऱ्याला हात लावून फोटो नाही काढला तर इटलीला जाऊन उपयोग काय?"

"बघू," प्रणिता म्हणाली आणि स्वतःचीच जीभ चावावी असं तिला झालं. घड्याळात साडेचार वाजले होते.

समता सोफ्यावर मोबाइलमध्ये डोकं घालून बसली होती. तिने वरही न बघता विचारलं, "पण बाबा, इट वॉज ममाज व्हेकेशन, राइट?"

"ममाचीच आहे की! म्हणून तर सगळे येतोय," अश्वजित म्हणाला, आणि सगळे हसले. प्रणिताला वाटलं, हातातल्या सुरीसकट इथून चालू पडावं आणि थेट फेराऱ्यालाच थांबावं.

स्वयंपाकघरात प्रणिता कांदा चिरत होती आणि गयाबाई ओट्याला टेकून कोथिंबीर निवडत होत्या. त्या कमी बोलायच्या. आल्यापासून त्यांना इथलं एकच पटलं होतं, ते म्हणजे सत्तरीच्या बायका सायकलवरून भाजी आणतात.

"काहून वं," त्या म्हणाल्या, "कांदा हाय का नवरा? बारीकच करून राहिली मघापासून."

प्रणिताने सुरी खाली ठेवली. "आई, मला एकटीला जायचं होतं."

सासूसमोर हे बोलायचं वाक्य नव्हे. आता "आम्ही जड झालो का" येणार, डोळ्याला पदर लागणार, आणि मग सहा काय नि सात काय. पण गयाबाईंनी कोथिंबिरीची काडी मोडली नुसती.

"शिकाले जायचं होतं ना?"

"हो. इटालियन. त्याचा उपयोग काही नाही."

"उपयोगाचं राहू दे. मी सातवीले बसली होती, तुले माहीत हाय?"

प्रणिताला माहीत होतं. घरात सगळ्यांना माहीत होतं की गयाबाई दवाखान्यात आया होत्या, कायम व्हायला सातवी पास लागत होती, आणि चाळिशीत त्यांनी ती परीक्षा बाहेरून दिली. अश्वजित ही गोष्ट अभिमानाने सांगायचा. त्या घरात कोणी अभ्यासाला बसलं की टीव्ही बंद व्हायचा, पाहुणे परत जायचे, हेही सांगायचा.

"दोनदा बसली," गयाबाई म्हणाल्या. "पहिल्यांदा नापास झाली, ते नाही सांगत तो. त्याले ठाऊकच नाही. संध्याकाळी विहारात वर्ग भरे. बाईमाणूस एकटी कशी जाईल म्हणून वस्तीतल्या पाच जणी सोबत येत. प्रेमानं येत, बरं का. कोणाचं पोर मांडीवर, कोणाच्या पदरात शेंगदाणे. मास्तर गणित सांगे, अन् या माझ्या कानात सुनेच्या गोष्टी सांगत. मले गणितात अकरा मार्क पडले."

"मग?"

"मग पुढच्या साली मी ह्यांना सांगितलं, की एकपण बाई सोबत नको. तुम्हीपण नको. तुझा सासरा भीमसेन लय नाराज झाला. म्हणे, माझं काही चुकलं का? मी म्हटलं, चुकलं काही नाही, पण मले माझं डोकं रिकामं पाहिजे. मग तो कोपऱ्यापर्यंत ये. तिथून पुढं मी जाऊ. वर्ग सुटेपर्यंत तिथंच उभा राहे, बिडी पीत. पण कोपरा ओलांडला नाही त्यानं कधी. मी पास झाली. अन् मग घरात नियम केला, अभ्यासाला बसलेल्या माणसाजवळ कोणी जायचं नाही."

एकोणीस वर्षांच्या संसारात हे प्रणिताला पहिल्यांदाच कळत होतं. "आई, तुम्हीच सांगा ना बाहेर. तुमचं सगळे ऐकतील."

"मी नाही सांगत," गयाबाईंनी सरळ हात झटकले. "माझं मी बोलली होती. तुझं तू बोल. अन् तूच चुकली पहिले. सुट्टी म्हटलं की सारं गणगोत येते. शिकाले जातो म्हटलं असतं, तर माझ्या पोरानं टीव्ही बंद करून तुले स्टेशनवर सोडलं असतं."

हे मात्र शंभर टक्के खरं होतं, आणि म्हणूनच प्रणिताला स्वतःचा भयंकर राग आला. चार महिने ती नवऱ्यावर, रवींद्रवर, त्या मेल्या मनोऱ्यावर चिडली होती. आणि चार महिन्यांत तिने तोंडातून काढलं काय, तर "बघू".

ती पोह्यांचं पातेलं न घेताच बाहेर गेली. रवींद्र पार्किंगबद्दल बोलत होता.

"मी तुमच्याबरोबर येत नाहीये," ती म्हणाली.

रवींद्रचा हात टीव्हीवर बोलोन्या गावाच्या नावावरच राहिला.

"म्हणजे? डेट्स चेंज करायच्या का?" चित्राने विचारलं.

"नाही. तुम्ही सगळे जा, मजा करा, पिसाला हात लावा. मी फेराऱ्याला शिकायला जातेय. पाच दिवस. एकटी."

अश्वजितचं तोंड उतरलं. "एकटी? का पण? माझं काही चुकलं का?"

बापाचं वाक्य जसंच्या तसं लेकाच्या तोंडून आलं. स्वयंपाकघराच्या दारात गयाबाई कोथिंबीर हातात घेऊन उभ्या होत्या, पण त्यांनी ओठ घट्ट मिटले होते.

"चुकलं काही नाही," प्रणिता म्हणाली. "म्हणजे ते पत्र चुकलं. ते तू मला विचारून लिहायला हवं होतंस. बाकी काही नाही. तुम्ही सगळे असलात की मी पोळ्यांचा हिशोब करते, समताचं जॅकेट शोधते, तुला गोळीची आठवण करते. तुम्ही सांगत नाही, मीच करते. मग माझ्या डोक्यात दुसरं काही शिरायला जागा उरत नाही. मला काहीतरी शिकायचंय, अश्वजित. उपयोगाचं नसलेलं."

रवींद्र म्हणाला, "वहिनी, मग दुसरा कुकर कोण आणणार?" चित्राने त्याच्याकडे असं बघितलं की तो खाली बसला. मग तीच हळूच म्हणाली, "मला सांगितलं असतंस तर मी यादी केली नसती गं." आणि थोडं थांबून, "एकटीला कसं वाटतं ते आल्यावर सांग मला."

साडेपाचला प्रणिताने शाळेला पत्र पाठवलं. येते. पाचही दिवस. त्या रात्री अश्वजित जेवला, भांडी घासली, पण बोलला नाही. पुढचे दोन दिवसही "मीठ दे"पलीकडे शब्द नाही. तिसऱ्या दिवशी तिने खोलीचं दार लावून इटालियनचं पहिलं पुस्तक उघडलं, तेव्हा बाहेर टीव्हीवर क्रिकेट चालू होतं. पाच मिनिटांनी आवाज बंद झाला.

मे महिन्यातल्या त्या शनिवारी सकाळी ती एक छोटी बॅग घेऊन निघाली. मिशन इटली पुढच्या आठवड्यावर गेलं होतं आणि त्यात तिसरा कुकर आला होता, पण आता तो तिचा प्रश्न नव्हता.

"विमानतळापर्यंत येतो," अश्वजित बूट चढवत म्हणाला. "बॅग जड आहे. आणि मेट्रोत चढताना तुला..."

"अश्वजित."

"बरं, स्टेशनपर्यंत. नुसतं स्टेशनपर्यंत."

तिने दारात उभ्या असलेल्या गयाबाईंकडे पाहिलं. त्या आकाशाकडे बघत होत्या, जणू ढगांशिवाय त्यांना कशातच रस नव्हता.

"कोपऱ्यापर्यंत ये," प्रणिता म्हणाली.

तो आला. सबंध रस्ता त्याने पासपोर्ट, चार्जर आणि पाण्याच्या बाटलीबद्दल विचारलं, आणि ती दात आवळून हो, हो, हो म्हणत राहिली. कोपऱ्यावर त्याने बॅग तिच्या हातात दिली. ती वळली, कालव्याच्या कडेने चालू लागली. पुलापाशी पोचल्यावर तिला राहवलं नाही. मागे येत असणारच हा, असं धरूनच तिने चिडून मान वळवली.

अश्वजित कोपऱ्यावरच उभा होता. दोन्ही हात खिशात घातलेले, एक पाय पुढे टाकलेला. तो पाय त्याने मागे घेतला.