मारेकच्या नावावरचं काम

“हेही गेलं!” गौरीनं लॅपटॉप पुढे ढकलला.

मटार सोलता सोलता शशिकलाबाईंनी सुनेकडे पाहिलं. “काय गेलं गं?”

“काम, आई. मी वाचेपर्यंत दुसऱ्यानं घेतलं.”

मुलीच्या आजारपणात गौरीनं सॉफ्टवेअरची नोकरी सोडली होती. मुलगी बरी होऊन कॉलेजात जाऊ लागली. आता मुलाखतीत गौरीला सगळे एकच विचारत, “मधल्या काळात काय केलंत?” म्हणून अवधपुरीतल्या घरी बसून ती मुलाखतीत दाखवता येईलसं काम एका ब्राउझरच्या प्रकल्पात शोधत होती. तो ब्राउझर जगभरातले लोक मिळून बनवत. त्यातल्या दुरुस्त करायच्या चुकांची यादी सगळ्यांना खुली होती. पण नवख्याला झेपेलसं काही आलं, की लगेच कुणाच्या तरी नावावर चढे.

एक मात्र कधीचं पडून होतं. माउस न वापरता नुसत्या कीबोर्डवर काम करणाऱ्यांचा कर्सर सेटिंगच्या पानावर हरवत होता. काम मारेक नावाच्या माणसाकडे होतं, पण त्याचा बरेच महिने पत्ता नव्हता. गौरीनं अदबीनं लिहिलं, “तुमचं चालू नसेल, तर मी घेऊ का?”

उत्तर त्या प्रकल्पाच्या प्रमुख बाईंचं आलं. मारेक मागच्या हिवाळ्यात वारला. त्याचं नाव काढायला कुणाचा हात धजला नाही. तुम्ही घ्या.

गौरीनं वाचून दाखवलं. “नको वाटतं, आई. त्याच्या जागेवर जाऊन बसल्यासारखं.”

शशिकलाबाईंचे हात थांबले. “हे गेल्यावर यांच्याच जागी मला कारखान्यात घेतलं. पहिल्या दिवशी त्या खुर्चीत बसवेना. पण फाइली अडल्या होत्या ना. बसले.”

गौरीनं मारेकचं लिखाण उघडलं. अर्धवट होतं, पण स्वच्छ. त्याची एकही ओळ न खोडता तिनं पुढचं लिहिलं. दोनदा दुरुस्तीसाठी परत आलं, मग मंजूर झालं. खाली तिनं दोन नावं घातली. आधी त्याचं, मग स्वतःचं.

“झालं का गं त्याचं?” शशिकलाबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

“झालं, आई.”

गौरीनं यादी पुन्हा उघडली. मारेकचं नाव तिथे नव्हतं. खालची ओळ वर सरकली होती.