हिरुतच्या हातातली हातोडी

मित्रांनो, मी एक जुनी हातोडी आहे. अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या पुलांखाली काँक्रीट ठोकून पाहणे, एवढेच माझे काम. काँक्रीट निकोप असले की मी खणखणीत वाजते. आतून सुटले असेल तर आवाज बद्द येतो.

लेनर्ड नावाच्या तपासनिसाने मला एकतीस वर्षे वापरले. निवृत्त होताना त्याने मला हिरुतच्या हाती दिले. ती इथिओपियाहून आलेली तरुण इंजिनिअर. "पोरी, नीट कान देत जा," एवढेच तो म्हणाला. हिरुतने माझे आवाज टिपून पुलाच्या दुखण्याचा रंगीत नकाशा काढायची युक्ती शोधली. शेजारच्या गावांचे तपासनीसही ती शिकून गेले. माझे ते भाग्याचे दिवस होते.

एका ओढ्यावरच्या पुलाखाली मी सलग अकरा ठिकाणी बद्द वाजले. वरून शाळेची बस जात असे. हिरुतने 'पूल बंद करावा' असे लिहिले. तिच्या कंपनीचे साहेब भडकले.

"सध्या 'बरा' लिही. तुझा व्हिसा आमच्या नावावर आहे, विसरू नकोस."

तिने माझा दांडा घट्ट धरला. "व्हिसा तुमच्या नावावर असेल, साहेब. खाली सही माझी आहे."

पूल बंद झाला. काँक्रीट फोडले, तर आतल्या सळ्या गंजून सुतळीएवढ्या उरल्या होत्या. पण हिरुतची नोकरी गेली. साठ दिवसांत दुसरे काम मिळाले नाही, तर देश सोडावा लागणार होता. पन्नासाव्या दिवशी एका विद्यापीठाने तिला संशोधनासाठी घेतले, तेही दोनच वर्षांसाठी.

तिने गाठलेल्या वकीलबाई म्हणाल्या, "इथे कायम राहण्यासाठी राष्ट्रहिताचा अर्ज करा. त्याला नोकरी देणारा मालक लागत नाही. पण तुमचं काम देशाच्या उपयोगाचं आहे, हे तुम्हालाच दाखवावं लागेल."

तिने अर्ज केला. वर्षभराने सरकारचे उत्तर आले: पुरावा अपुरा आहे, आणखी पाठवा.

ते पत्र आणि मला घेऊन ती लेनर्डच्या स्वयंपाकघरात जाऊन बसली. "आई फोनवर विचारते, आपल्याकडे पूल नाहीत का गं? काय सांगू तिला?"

"इथल्या पुलांनी तुला काय दिलं, ते सांग."

"नोकरी घालवली!" ती हसली आणि मग रडली.

लेनर्डने कागद ओढला आणि लिहिले: 'मी त्या पुलाखाली चारदा गेलो. मलाही तो आवाज आला होता. वरिष्ठांच्या भीतीने मी चारही वेळा "बरा" लिहिले. हिला माझ्याहून अधिक गमवायचे होते, तरी हिने खरे लिहिले. अशी माणसे या देशाला हवीत.'

"हे नका पाठवू," हिरुत म्हणाली. "तुमचं चांगलं नाव जाईल."

"जाऊ दे. तसंही ते फुकटचंच होतं."

मित्रांनो, त्या चारही वेळा त्याच्या हातात मीच होते.

शेजारच्या सहा गावांच्या तपासनिसांनीही पत्रे दिली. अर्ज मंजूर झाला. पुढे कायम वास्तव्याचे कार्डही आले. लेनर्डच्या जुन्या सोबत्यांनी मात्र त्याला शुक्रवारच्या जेवणाला बोलावणे बंद केले.

आता हिरुतकडे नवी यंत्रे आहेत. मी पुन्हा लेनर्डच्या घरी, फळीवर धूळ खात असते, पण माझी तक्रार नाही. दर शुक्रवारी ती इंजेरा, म्हणजे तिच्या देशाची आंबट पोळी, आणि तिखट मसूर घेऊन येते. तो नाक पुसत जेवतो.

मित्रांनो, मला पुसले नाहीत तरी चालेल. पण तुमच्यासाठी कुणी स्वतःची चूक कागदावर लिहून दिली असेल, तर त्या माणसाला एकटे जेवू देऊ नका.