तिचा वर्ग किती वाजता भरतो?

तोआकासे आत्याच्या घरात एक वाक्य दिवसभर कानावर पडायचं. जुळ्या पोरांना शाळेत कोण सोडणार? मेलेआने आहे ना. सासूबाईंना अंघोळ कोण घालणार? मेलेआने आहे ना. चर्चच्या बायका जेवायला यायच्यात, एवढे कंद कोण सोलणार? मेलेआने आहे ना. हे कुणी रागानं म्हणत नसे, कौतुकानंच म्हणत. त्यामुळे त्यावर काही बोलायची सोयच नव्हती.

मेलेआने टोंगाच्या हाआपाई बेटसमूहातल्या एका लहानशा बेटावरून ऑकलंडला नर्सिंग शिकायला आली होती. बेटावरच्या दवाखान्यातली एकुलती एक नर्स आता थकली होती. तिच्या जागी आपलीच पोर यावी, अशी सगळ्या गावाची इच्छा. शिष्यवृत्ती मिळाली त्या रविवारी चर्चमध्ये तिच्यासाठी वेगळी प्रार्थना झाली. राहण्याचा प्रश्न कुणाच्या मनातही आला नाही, कारण ऑकलंडच्याच मांगेरे भागात बापाची थोरली बहीण होती. टोंगन घरात आत्याचा मान बापाहून मोठा. तिच्यासमोर सख्खा भाऊ आवाज चढवत नाही, तिथं भाचीची काय कथा? बोटीत चढताना बाप एवढंच म्हणाला, "आत्या म्हणेल ती पूर्व दिशा. माझी मान खाली जाईल असं काही करू नकोस."

आत्या वाईट नव्हती, हे आधीच सांगायला हवं. ती विमानतळावर साफसफाईच्या कामाला होती, पहाटेच घर सोडायची. नवरा तेविता ट्रक घेऊन दक्षिणेकडे गेला की आठवडा आठवडा परतत नसे. सासू लोसे आजींची एक बाजू अर्धांगानं गेलेली. त्यांच्यासाठी रोज सकाळी सरकारकडून एक मदतनीस बाई यायची. मेलेआने आली आणि आत्यानं त्या बाईला निरोप दिला.

"रक्ताचं माणूस घरात असताना परक्या बाईनं आईच्या अंगाला हात का लावायचा?" असं तिनं चर्चमध्ये चारजणींना अभिमानानं सांगितलं. चारजणींनी माना डोलावल्या.

आणि मेलेआनेची सकाळ कामात बुडाली. आजींना उठवायचं, अंघोळ, कपडे, भरवणं, मग पोरांची शाळा, मग धावत बस. ती पोचायची तेव्हा पहिला तास संपत आलेला असायचा. मागच्या दारानं शिरून शेवटच्या बाकावर बसायचं आणि शेजारणीच्या वहीत डोकावायचं, असे तिचे दिवस जाऊ लागले. रात्री पुस्तक उघडलं की अक्षरं दिसत, अर्थ लागत नसे.

रुग्णालयात प्रत्यक्ष कामाचे दिवस सुरू व्हायचे होते, तेव्हा तिनं धीर केला.

"आत्या, सोमवारपासून मला हॉस्पिटलात लवकर पोचावं लागणार आहे. आजींच्या अंघोळीचं..."

"मग जा की. कुणी अडवलंय तुला? आईचं आवरून, पोरांना सोडून जा. मी दोन-दोन पाळ्या करते, आणि तुला एक अंघोळ जड झाली होय?"

"जड नाही, आत्या, पण..."

"आणि नर्सच व्हायचंय ना? मग घरीच शिक्षण चाललंय म्हण," आत्या हसली. मेलेआनेही हसली. दुसरं काय करणार?

त्याच आठवड्यात आत्याच्या सासरच्या एका वडीलधाऱ्यांचं निधन झालं. टोंगन माणसाचं मरण एका दिवसात उरकत नाही. माणसं येत राहतात, चुली पेटत्या राहतात. आत्या, तेविताकाका सगळे तिकडे गेले. घर, पोरं आणि आजी मेलेआनेवर. नवा पांढरा गणवेश दाराच्या मागे टांगलेलाच राहिला.

ती कॉलेजात गेली तेव्हा तिच्या शिक्षिका हार्परबाईंनी तिला खोलीत बोलावलं. बाई शांतपणे बोलल्या, तेच जास्त लागलं. "तुला किती वेळा समजावलं, मेलेआने. प्रत्यक्ष कामाचे दिवस चुकवून पुढे जाता येत नाही. या सत्रातून तुझं नाव कमी झालंय. शिष्यवृत्तीवाल्यांना कळवावं लागेल. घरी काही अडचण आहे का?"

आत्याचं नाव जिभेवर आलं. बापाचा चेहरा आठवला. "नाही, बाई," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशीही ती सगळं आवरून, दप्तर घेऊन बाहेर पडली. त्यानंतर रोजच. मानुकाऊच्या खाडीकाठी दगडांवर जाऊन बसायची. डोक्यावरून विमानं उतरत. त्यातलं एखादं टोंगाहून आलेलं असेल, परत जाताना त्यात एक जागा रिकामी असेल, असं तिच्या मनात येई. पण परत जाऊन सांगायचं काय? रविवारी बापाचा फोन आला, तेव्हा तो उत्साहानं सांगत होता, "दवाखान्याच्या खोलीला नवा रंग दिलाय बघ. तुझ्यासाठी."

"छान झालं, बाबा. इकडंही छान चाललंय," ती म्हणाली.

एका दुपारी भरतीचं पाणी दगडांना लागलं, पायांपर्यंत आलं, तरी ती उठली नाही. न उठण्यात काय वाईट आहे, असं तिला वाटून गेलं. मग स्वतःच्याच विचाराची तिला इतकी भीती वाटली की ती दप्तर तिथंच टाकून धावत सुटली, आणि अर्ध्या वाटेवरून रडत दप्तर घ्यायला परत गेली.

तिच्याकडे घरात एकाच माणसाचं लक्ष होतं. लोसे आजींची जीभ जड होती, शब्द सावकाश निघत, पण नजर शाबूत होती.

"पोरी," अंघोळ चालू असताना त्या म्हणाल्या, "इतके दिवस तू मला घाईघाईनं अंघोळ घालायचीस. साबण डोळ्यांत जायचा. हल्ली हात सावकाश चालतो. तुझी घाई कुठं गेली?"

मेलेआनेचा हात थांबला. ती ओल्या फरशीवरच खाली बसली आणि आजींच्या लुळ्या मांडीवर डोकं टेकून हुंदके देऊ लागली. नाव कमी झालं, खाडी, पाणी, सगळं तिनं सांगून टाकलं. "मला घरी जाता येत नाही, आजी. इथंही राहवत नाही. मी कुठं जाऊ?"

आजींनी चालत्या हातानं तिचे केस कुरवाळले. "कुठं जायचं ते मग बघू. आधी पाण्याकडे जाणार नाही, असं मला वचन दे. आणि आता माझ्या अंगावर पाणी घाल, गारठले मी."

रविवारी चर्चहून आल्यावर परसात तापल्या दगडांवर जमिनीत पुरलेली उमूची भट्टी उघडली. नारळाच्या दुधात शिजलेल्या पानांचा वास घरभर पसरला. काकाही घरी होते. मेलेआनेनं आजींसमोर घास धरला. आजींनी तोंड फिरवलं.

"आई, काय झालं?" आत्यानं विचारलं.

"हिच्या हातून मी जेवणार नाही. सूनबाई, एक सांग. हिचा वर्ग किती वाजता भरतो?"

"सकाळी. म्हणजे... नऊ-दहाला असेल."

"असेल? हिची परीक्षा कधी?"

आत्यानं मेलेआनेकडे पाहिलं. मेलेआने ताटाकडे बघत होती.

"तुझ्या कामाची पाळी कधी बदलते हे या पोरीला पाठ आहे. माझ्या गोळ्यांच्या वेळा पाठ आहेत. आणि ती ज्यासाठी इतक्या लांब आली, त्याची वेळ तुला ठाऊक नाही. तिचं नाव कॉलेजातून निघालंय. रोज ती खाडीवर जाऊन बसते. परवा पाण्यातून उठायला तयार नव्हती."

काकांच्या हातातला चमचा खाली आला. आत्या पांढरीफटक पडली, मग तिला संताप आला. "मग मला बोलायचं ना! मी काय राक्षसीण आहे? मी हिला लेकीसारखं ठेवलं, आई. आपल्यात भाचीनं घरचं केलं तर बिघडलं कुठं?"

"करण्यात काही बिघडत नाही. ती तुला बोलली होती, तू हसलीस. तू तिची आत्या. तुला नाही म्हणायचं नाही, हे तिला जन्मापासून शिकवलंय. जिला नाही म्हणताच येत नाही, तिचं हो ऐकून तू खूश झालीस. एवढा मान तुला मिळतो, तर विचारायचं काम तुझं होतं, सांगायचं तिचं नव्हतं."

आत्या उठली आणि मेलेआनेसमोर जमिनीवर बसली. आत्यानं भाचीपेक्षा खाली बसायचं ही आमच्यात न घडणारी गोष्ट. मेलेआने घाबरून उठायला लागली, तर आत्यानं तिचे गुडघे धरले. "खरंच पाण्यात जाणार होतीस?"

"माहीत नाही, आत्या," मेलेआने म्हणाली. आत्या ओक्साबोक्शी रडली.

सोमवारी तिनं कामावर सुट्टी घेतली. मोठ्या माणसांपुढे जाताना बांधतात ती चटई कमरेला बांधून ती हार्परबाईंच्या खोलीत उभी राहिली. "चूक माझ्या घरची आहे," ती म्हणाली. बाईंनी ऐकून घेतलं, पण गेलेलं सत्र परत देता येणार नाही हेही स्पष्ट सांगितलं. मेलेआनेची गाठ कॉलेजातल्या समुपदेशक बाईंशी घालून दिली. शिष्यवृत्तीवाल्यांचा निर्णय यायला बरेच आठवडे गेले. ते आठवडे त्या घरात कुणाला नीट झोप लागली नाही. शेवटी जुलैपासून नव्यानं सुरुवात करायची एक संधी मिळाली. एकच.

बापाला फोन आत्यानंच केला. धाकट्या भावापुढे तिनं चूक कबूल केली. पलीकडून बाप म्हणाला, "तिच्या तोंडाला कुलूप मीही घातलं होतं, ताई."

मदतनीस बाई पुन्हा येऊ लागली. परक्या हातानं अंघोळ करून लोसे आजी काही बाटल्या नाहीत. मेलेआनेची भीती मात्र लगेच गेली नाही. अजूनही वर्गात दार वाजलं की ती दचकते. पण ती आता पहिल्या बाकावर बसते.

बंधुभगिनींनो, आपल्यातल्या कितीतरी घरांत लांबून शिकायला आलेलं एखादं पोर असतं. आपण त्याला छप्पर देतो, घास देतो, माया करतो, आणि मग त्याचा वेळ आपलाच धरून चालतो. ते पोर मानापोटी गप्प बसतं आणि त्या गप्प बसण्याला आपण सुख समजतो. काम जरूर सांगा. पण आधी त्याला जवळ बसवून विचारा, तुझं कसं चाललंय, आणि उत्तर ऐकायला थांबा. आसरा देणं सोपं असतं. आसऱ्याला आलेल्याला तोंड उघडता यावं असं घर ठेवणं, हे थोरांचं काम आहे.