पांढऱ्याखालची गवळण

मी एक मांजरपाट बोलतोय. बारा फूट लांब, दहा फूट रुंद, चार पट्ट्या जोडून शिवलेला. कोल्हापुरात थेटराच्या कपाळावर सिनेमाची रंगीत चित्रं टांगायचे ना, त्यातलाच एक. मी सावकाश बोलतो. शाळा मला नाही. अंगावर अक्षरं पुष्कळ लिहिली गेली, हातहातभर उंचीची, पण त्यातलं एकही मला वाचता येत नाही.

एक आधीच सांगून ठेवतो. कुणी माझ्याकडं बघून 'वा' म्हणालं की मला भरवसा वाटत नाही. का, ते ऐका.

माझा मालक आकाराम पेंटर, कोल्हापूरला लागून असलेल्या उचगावचा. घरामागं पत्र्याची शेड, तिथं तो मला लाकडी चौकटीवर ताणायचा आणि नट-नट्यांचे चेहरे काढायचा. शुक्रवारी मी थेटरावर चढायचो. खाली सायकली थांबायच्या. माणसं मान वर करून म्हणायची, वा, काय डोळे काढलेत. सिनेमा उतरला की पुढच्या गुरुवारी तोच आकाराम खडूची भुकटी आणि सरस कालवायचा आणि मला या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरा करायचा. वर नवा सिनेमा. पुन्हा वा. पुन्हा पांढरा हात. माझ्या अंगात असे चाळीसेक सिनेमे एकाखाली एक झोपलेत. तेव्हापासून मनाशी पक्कं झालं, की कौतुक आलं की पाठोपाठ पुसणारा येतोच.

एक चित्र मात्र त्यानं पुसलं नाही. एकोणीसशे शहाण्णव साल असेल. गवळणीचा एक जुना, काळापांढरा सिनेमा मॅटिनीला पुन्हा लागला होता. उचगावच्याच रानात त्याचं शूटिंग झालेलं. आकारामनं तो लहानपणी तंबूत बघितला होता, आणि त्याच्या लेखी त्यापुढं दुसरा सिनेमा नव्हता. गवळणीचा चेहरा त्यानं सहा दिवस काढला, पातळ, हलक्या हातानं, श्वास धरून. मागं बाजाराला निघालेल्या बायकांची गर्दी होती. ती त्यानं डब्यांत उरलेल्या रंगांनी अर्ध्या तासात थापून टाकली. नाक नाही, डोळे नाहीत, नुसते जाड ठिपके आणि ठिपक्यांवर घागरी.

ते चित्र बघायला सिद्धाप्पा आला. सिद्धाप्पा गडहिंग्लजचा, तिथं त्याचं मिरचीचं दुकान. दर शुक्रवारी एसटीनं कोल्हापूर गाठायचं, पहिला खेळ बघायचा आणि मग उचगावात येऊन रंगाच्या डब्यावर बसायचं, हा त्याचा नेम. दोघं मिळून जुने सिनेमे पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगायचे. त्या दिवशी त्यानं मला बघितलं आणि 'वा' म्हणाला. मी तिथंच त्याच्यावर नजर ठेवली. मग म्हणाला, "लुगड्याचा रंग चुकलाय पेंटर."

आकारामनं लुगडं हिरवं काढलं होतं. "रानातली गवळण हाय ती. हिरवंच नेसणार की."

"वांगी रंगाचं हुतं."

"काळ्यापांढऱ्या सिनेमात तुला वांगी कुठनं दिसलं?"

"दिसलं न्हाय. ठाऊक हाय."

"व्हय, तूच धुवायला नेलतंस जणू."

हे भांडण दहा वर्षं चाललं. आकारामची बायको धोंडुबाई चहा ठेवता ठेवता म्हणायची, नेसणारीला इसरून गेलीत माणसं, आन् ह्यांचं लुगडं अजून वाळतंय. पण 'ठाऊक हाय' म्हणताना सिद्धाप्पा नजर खाली घालायचा, हे मी बघितलं होतं. हा माणूस काहीतरी दडवतोय असं मला वाटायचं.

मग फ्लेक्स आला. यंत्रातून चेहरे निघायला लागले आणि आकारामचे ब्रश डब्यातच वाळले. आम्ही सात मांजरपाट शेडमध्ये गुंडाळून पडलो. दोन हजार चार साली एक पावणं आलं. गळ्यात कॅमेरा, बोलणं साखरेचं. आम्हा सगळ्यांना उलगडून वा वा केलं. प्रदर्शनात लावतो, महिन्यानं आणून देतो, म्हणाला आणि सहा मांजरपाट घेऊन गेला. गवळणीचा तेवढा मी, मला आकारामनं दिलं नाही. महिना गेला, वर्ष गेलं. ते सहा आले नाहीत. आकाराम शेडला कुलूप लावायला लागला.

पुढं दोन वर्षांनी एकदा सिद्धाप्पा मंगळवारी आला. शुक्रवारचा माणूस मंगळवारी. डब्यावर बसला नाही. गवळण चार दिवसांसाठी पाहिजे, म्हणाला.

"कशाला?"

"काम हाय."

"काय काम?"

त्यानं नजर खाली घातली. आकारामनं कुलपाकडं बघितलं. गुरुवारी ये म्हणाला.

तो गेल्यावर आकारामनं मला चौकटीवर ताणलं आणि किती तरी वेळ समोर नुसता उभा राहिला. मग त्यानं खडू कालवला. धोंडुबाई म्हणाली, अवो, मैतर हाय तो तुमचा. आकाराम म्हणाला, ते पावणं बी ह्याच शेडात चहा पिऊन गेलतं. आणि त्यानं गवळणीवर पांढरा हात फिरवला. त्याचा हिशेब सरळ होता. कोऱ्या कापडाला कोण हात लावतंय? सिद्धाप्पा रिकामा परत गेला की ओल्या फडक्यानं वरचं पुसायचं, खाली गवळण आहे तशी. खरं सांगतो, मला ते पटलं. आम्हा दोघांत, आकारामपेक्षा जास्त संशय मलाच होता.

गुरुवारी सिद्धाप्पानं मला बघितलं. पांढरा.

"पुसलं रं," आकाराम म्हणाला. "दुसऱ्या कामाला घेतलंय."

सिद्धाप्पा तेव्हा डब्यावर बसला. म्हणाला, "माझी अक्का हुती त्यात."

त्याची थोरली बहीण नीलम्मा. लग्नाआधी उचगावात मामाकडं राहायची, तेव्हा शूटिंगवाल्यांनी गावातल्या पोरी गर्दीसाठी उभ्या केल्या होत्या. हीही घागर घेऊन उभी राहिली. सिनेमात नाचली असं सासरी कळलं तर, या भीतीनं तिनं धाकट्या भावाकडून गप्प राहायची शपथ घेतली होती. पन्नास वर्षं त्यानं ती पाळली. गवळणीच्या लुगड्याचा रंग तिनंच सांगितलेला. आता ती सिद्धाप्पाच्या घरी अंथरुणाला खिळली होती, अन्न सुटलं होतं. आणि म्हणत होती, ते चित्र एकदा बघू दे.

आकारामनं बादली आणली, फडकं भिजवलं. त्याला घाई झाली होती. पांढरा निघाला, पण दहा वर्षांचा पातळ रंग पाण्यानं फुगला होता. सरसाबरोबर गवळणीचा चेहरा निघून आला, तिचे डोळे, तिचं हिरवं लुगडं. सहा दिवसांचं काम फडक्यावर आलं. धोंडुबाईनं त्याचा हात धरला तेव्हा तो थांबला. कडेची गर्दी तेवढी राहिली. जाड थापलेली होती ना.

"चल," तो सिद्धाप्पाला म्हणाला. "जे हाय ते दावू."

गडहिंग्लजच्या एसटीत मी आकारामच्या मांडीवर होतो. नीलम्माची खोली लहान. दार लावून घेतलं. मी पुरता उलगडणार नव्हतोच, दोघांनी एक कड धरली, गर्दीची. बाकीचा मी जमिनीवर दुमडलेला. मला वाटलं, आता म्हातारी विचारणार, गवळण कुठाय.

नीलम्मा बघत राहिली. मग बोट उचललं. तिसऱ्या ठिपक्यावर ठेवलं.

"ही मी."

आकारामनं तो ठिपका कुणाचा म्हणून काढलाच नव्हता. उरलेला निळा रंग होता तो.

सिद्धाप्पानं हळूच विचारलं, "अक्का, लुगडं वांगी रंगाचं हुतं न्हवं?"

"कुणाचं? तिचं?" नीलम्मा म्हणाली. "तिचं ऱ्हाऊ दे. माझं तांबडं हुतं."

आकारामनं खिसे चाचपले. ब्रश आणला नव्हता. त्यानं कोनाड्यातलं कुंकू घेतलं, खोबरेल तेलात कालवलं आणि बोटानं त्या निळ्या ठिपक्यावर तांबडं लुगडं चढवलं. नीलम्मा त्याला म्हणाली, "काठ जरा रुंद हुता." त्यानं काठ रुंद केला.

नीलम्मा दिवाळीच्या आत गेली. मला परत नेण्याचा विषय कुणी काढला नाही. तिच्या खोलीचं दार उघडलं की त्यामागं मी असतो, तेवढीच कड दिसेल असा अडकवलेला. आता शुक्रवारी आकाराम एसटीनं गडहिंग्लजला येतो. दोघं मिरचीच्या पोत्यांवर बसतात आणि एक हिरवं म्हणतो, एक वांगी म्हणतो.

घरात येणारे पाहुणे विचारतात, हे डाग पडलेलं फडकं टाकत का नाही? त्यांचं मला बरं वाटतं. त्यांच्यापासून धोका नाही.

तुम्ही कधी या बाजूला आलात तर दार लोटून बघा. तिसरी, तांबड्या लुगड्याची, घागरवाली. हवा तेवढा वेळ उभे राहा. पण हात जोडून सांगतो, तोंडानं 'वा' म्हणू नका. सिद्धाप्पाच्या बाबतीत मी चुकलो, ते मान्य आहे. पण तुम्हाला मी अजून ओळखत नाही.