ओल्या फळ्या

डॉक्टरांच्या सरकारी जीपमध्ये औषधांचे खण बसवताना भोसरीच्या रहिमान सुताराने हात जोडले. "सायेब, फळ्या ओल्या हायत. वाळताना पिळतील, खण अडकतील. महिनाभर थांबा."

"तू रंधा मार. तुझी अक्कल मी विकत घेतलेली नाही."

दोन महिन्यांनी रहिमानच्याच पोरीला, झुलेखाला, रानात नाग चावला. जीप धावत आली, पण सापाच्या लशीचा खण हलेना. ओढून ओढून रहिमानची नखं फाटली. शेवटी खण फोडायला त्याने पटाशी उगारली.

डॉक्टरांनी त्याचं मनगट धरलं. "हळू, मिस्त्री. जीप सरकारी आहे."

त्याने एकेक खिळा हळूच उपसला. लशीची बाटली हाती आली, तेव्हा पोरीचा श्वास थांबला होता.

"असले खण करतात होय रे?" डॉक्टर म्हणाले.