सदतीस रिकाम्या चौकटी

त्रिशलाने सफाईच्या टूलचे बटण दाबले आणि श्वास रोखून पडद्याकडे पाहिले. टायपिंगवाल्याच्या फाईलमधून चिकटून आलेल्या चार हजारांवर फालतू खुणा एका दमात साफ झाल्या. कालपर्यंत फोनवर लहानमोठी होऊन उड्या मारणारी अक्षरे आता शहाण्यासारखी एका मापात उभी होती. हाताने करायचे तर आठवडा गेला असता. तिला टाळी वाजवावीशी वाटली.

"आक्का, झालं पुस्तक. पाचला बेळगावला प्रकाशकांकडं पाठवायचंय. आधी ऐका तरी."

शेजारच्या अंबुबाई लगबगीने आपल्या ओसरीवर, त्रिशलाजवळ येऊन बसल्या. निपाणीच्या वखारीत तंबाखूची पाने निवडताना जन्मभर गायलेल्या ओव्या आता पुस्तकात येणार, म्हणून सकाळपासून त्यांचे जेवणात लक्ष नव्हते. आत कॉटवर त्यांचे यजमान नागोजी पेपर वाचत होते. ते कानाने जड.

त्रिशला वाचू लागली.

"पहाटच्या पारी जुपती बैलजोडी,
भाकरीवर ठेविते गुळाची खडी."

"थांब गं," अंबुबाई म्हणाल्या. "मालक कुठं गेलं?"

"आत हायत की."

"आतलं न्हाय. ओवीतलं."

त्रिशलाने पडद्यावरच्या ओळीवर बोट फिरवून पाहिले. अंबुबाई नवऱ्याचे नाव घेत नसत. ओवी सांगताना त्या जागी गप्प राहत, आणि त्रिशलाने तिथे एक रिकामी चौकट ठेवली होती. सफाई करणाऱ्या टूलने रिकामे ते सगळे केर समजून सदतीसच्या सदतीस चौकटी काढून टाकल्या होत्या. ओळी अशा बेमालूम जुळल्या होत्या की तिला पत्ताही लागला नव्हता.

जुनी फाईल शेजारी उघडून ती एकेक जागा शोधू लागली. साडेतीन वाजले होते.

"चौकटी परत घालते मी. पण रिकामं दिसलं की हे परत खाणार, आक्का. उद्या दुसऱ्या कुणी साफ केलं तरी जाणार."

अंबुबाई पदराच्या टोकाला पीळ देत राहिल्या.

"मग रिकामं ठेवू नगं."

"म्हंजे, नाव लिहू?"

"मी कुठं घेतलं? तू लिव्हतीस."

त्रिशलाला हसू आवरेना. सदतीस वेळा नाव टाईप करून तिने टूल पुन्हा चालवले. पावणेपाच झाले होते. नाव सगळीकडे जागच्या जागी होते.

"वाच बघू आता."

"पहाटच्या पारी नागोजी जुपती बैलजोडी..."

अंबुबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि आतल्या दाराकडे पाहिले.

"जरा मोठ्यानं वाच गं."